आधी तोंड बघावं

प्रिय शहाण्या,

तुझा निरोप मिळाला. ऑफिसातल्या तुझ्या मित्राला ससे पाळायचे आहेत, पैदाशीसाठी चांगली जोडी नुसती बघून कशी निवडायची ते त्याला हवंय, आणि तू म्हणतोस चार ओळी फोनवर पाठवा. चार ओळींत मला दुकानात साबणसुद्धा मागता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. फोन करावा तर पहिलं वाक्य मी बोलतो, दुसरं तू बोलतोस आणि तिसरं राहूनच जातं. म्हणून सरळ पत्र लिहायला बसलोय. समोर तुझी आई नातीसाठी स्वेटर विणते आहे. हा तिसरा. पहिले दोन आता लहान होत असतील, हे ती मला रोज ऐकवते. बाळ जरा मोठं झालं की या, असं तू म्हणालास, पण किती मोठं ते काही सांगितलं नाहीस.

असो. मित्राला सांग, ससा लगेच हातात घ्यायचा नाही. आधी पिंजऱ्यापुढे नुसतं उभं राहायचं. चारा टाकला की पुढे येतो की कोपऱ्यात अंग चोरून बसतो, ते बघायचं. डोळे स्वच्छ हवेत, कानांत खपल्या नकोत. नाक कोरडं हवं, पण नुसत्या नाकावर विश्वास ठेवू नये, कारण गिऱ्हाईक यायच्या आधी विकणारा ते पुसून ठेवतो. पुढच्या पायांची आतली बाजू बघावी. सर्दी झालेला ससा पंजांनीच नाक पुसतो, आणि तिथली लव चिकटून तिच्या गुठळ्या होतात. त्या पुसायचं कुणाला सुचत नाही. मी निम्मे ससे तिथेच नापास केलेत आणि निम्म्या विकणाऱ्यांशी माझं तिथेच वाजलंय.

मग पाठीवरून हात फिरवायचा. कणा हाताला टोचता कामा नये, मागचा भाग भरलेला हवा. पाय सरळ, तळव्यांवर दाट लव. मादीचे सड मोजायचे, आठ तरी हवेत. नर आणि मादी एकाच वेताचे नकोत. आणि रंगावर भाळू नको म्हणावं. आपली ती पांढरीशुभ्र मादी आठवते? येणारा जाणारा तिच्याकडेच बघत राहायचा. पण पिल्लं व्हायची वेळ आली की बाईसाहेब उघड्या फळीवर मोकळ्या व्हायच्या. आणि ती कळकट करडी, स्वतःच्या पोटाची लव उपटून उपटून पिल्लांसाठी गादी करायची. हे बघून कळत नाही. एवढी वर्षं बघण्यात घालवूनही मला ते कधी आधी कळलं नाही.

त्या करडीच्याच पिल्लांत तुझा लोंबकान्या होता, एक कान वर आणि एक डोळ्यावर. मी त्याला पैदाशीतून बाजूला काढलं, तर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तुला वाटलं, बाबांना तो आवडत नाही. तो पुढे स्वयंपाकघरात टेबलाखाली राहिला, त्याने माझ्या बुटांच्या नाड्या खाल्ल्या, आणि तुम्ही मायलेक बाहेर गेलात की गाजराचा पाला त्याला मीच भरवायचो. हे आज पहिल्यांदाच सांगतोय. बाजारातून आणताना ससा निवडावा लागतो. घरातल्याला कोण निवडत बसतं?

आता तोंड. खरं तर आधी तोंडच बघावं. ओठ वर करून दात बघायचे. वरचे दात खालच्यांवर जरासे यायला हवेत. तसे नसतील तर ते वाढत जातात आणि जनावराला खाता येत नाही. तुझ्या निरोपात शेवटी तू विचारलं होतंस, की तोंडात जन्मतःच खोट असेल तर ती आईकडून येते की बापाकडून. सशांचं म्हणशील तर दातांची खोट बहुतेक दोघांकडून येते, आणि दोघंही दिसायला ठणठणीत असतात. पण मला तो प्रश्नच खटकला. ससे घ्यायला निघालेला माणूस विचारतो, असा ससा ओळखायचा कसा. कुणाकडून आलं, हे तो विचारत नाही.

मग मी तू पाठवलेले नातीचे फोटो पुन्हा काढले. एकात दुपटं नाकापर्यंत, एकात ती पाठमोरी, आणि एकात सूनबाईचा हात आडवा आलेला. जी जागा झाकलेली असते तीच मी आयुष्यभर आधी बघत आलोय. सूनबाईच्या दोन बोटांमधून ओठाची फट दिसते. मी फोटो तुझ्या आईपुढे धरला. ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं." मला फार लागलं रे ते. म्हणजे या घरात सगळे माझ्याच जिभेला भिऊन गप्प होते.

तेव्हा हे पत्र तुझ्या त्या मित्रासाठी नाही. सूनबाईला वाचून दाखव. तिचं काही चुकलेलं नाही, तुझंही नाही, आणि कुणाकडून आलं हे या घरात कुणी कधी विचारणार नाही. ओठ कधी शिवायचा ते डॉक्टर सांगतील. तोवर ऐक. माझ्या हातून इतके ससे गेले, त्यांतल्या एकाचाही वरचा ओठ अखंड नव्हता, सशाचा तो असतोच मधोमध चिरलेला, आणि मला ते कधी वाईट दिसले नाहीत. आमच्या नातीने तोंड लपवावं असं तिने केलंय तरी काय? रविवारी सकाळच्या बसने आम्ही निघतोय, तिन्ही स्वेटर घेऊन. आम्ही दारात आलो की दुपटं खाली कर. मला माझ्या नातीचं तोंड बघायचंय.

तुझाच,
बाबा