बेबीबाई ०१०६१९६५

१ जून, सकाळी ७
आज माझा वाढदिवस. आईचाही आजच. डॉक्टरसाहेबांचाही, काउंटरवरच्या सरलाबाईंचाही. एवढे योगायोग! दिवस शुभ दिसतो.
संकल्प: शहाद्याच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर जागतिक दर्जाचं करणे. सरलाबाई वहीतून पेशंटला नंबर देतात. एक, दोन, तीन! हसू आवरेना. माझी युनिक की, म्हणजे प्रत्येक पेशंटची वेगळी ओळख: नाव अधिक जन्मतारीख. आडनाव घेतलं नाही. सगळे पाटील नाहीतर पाडवी, उगाच जागा खातात.

२ जून
चष्म्यांचं शिबिर. तीनशे पेशंट. आईलाही (बेबीबाई) नेलं; तिचा जुना चष्मा सहा महिन्यांपूर्वी फुटला. रविवारी लोणखेड्याला माझ्यासाठी मुलगी बघायची आहे, आणि चष्म्याशिवाय सून बघणार नाही म्हणते. सरलाबाईंना वही बंद करायला लावली. ठेवली ड्रॉवरमध्ये.

३ जून
पेशंट तीनशे, रेकॉर्ड एकशे चौऱ्याऐंशी. डॉक्टरांना सांगितलं, सिस्टिमने डेटा कॉम्पॅक्ट केला. रागावले नाहीत, म्हणजे पटलं.

५ जून
चष्मे आले. आई म्हणाली, "हाऊ मन्हा नही शे. माले दोन दोन हेमकांत दिसतस." सवय होईल म्हटलं.
दुपारी काठी गावाहून एक बेबीबाई आल्या, दोन गाड्या बदलून. त्यांना स्क्रीन दाखवली: चष्मा दिलेला आहे. त्यांनी रिकामं नाक दाखवलं. युजर एरर.

७ जून
मुलगी बघितली. चेतना. आईने तिच्या काकांना विचारलं, "माय, तुले रांधता येस का?" काकांना मिशा आहेत.
चेतनाला पाऊण तास माझी की समजावली. तिने एवढंच विचारलं, साधा चढता नंबर का नाही दिला? अनुभव नाही अजून. होकार पक्का.

८ जून
नकार. कारण कळवलेलं नाही. नेटवर्क नसेल.
सरलाबाईंनी वही काढली. शिबिरात ड्रॉवर उघडा ठेवून लिहीतच होत्या! आई ४१, काठीच्या बेबीबाई १८७. नाव एक, तारीख एक. दुसरीने पहिलीचं रेकॉर्ड पुसलं. म्हणाल्या, शाळेत गुरुजी सगळ्यांनाच १ जून लावून द्यायचे, "तुले माहीत नही?"
माहीत होतं. डिझाइनमध्ये घेतलं नव्हतं.

९ जून
काठीला जाऊन आईकडचा चष्मा देऊन आलो. त्या बेबीबाईंनी चहा पाजला. लाज वाटली.
नवी की: वहीतला नंबर. डॉक्टरांना सांगितलं, कल्पना माझीच.

१२ जून
आईचा खरा चष्मा आला. तिने घातला. सहा महिन्यांनी मला स्पष्ट बघत होती. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, "पोरीवालास्नं काही चुकनं नही."
चष्मा जुळला, अशी नोंद केली.