आधी दुर्बीण कशाला?

हार्लन,

नातीला, टेसला, शाळेतून आणायला मीच जातेय. ट्रकची किल्ली शोधू नकोस, माझ्याकडे आहे. ओव्हनमध्ये खिम्याचा मीटलोफ आहे.

सकाळी बंदूकवाल्या ऑर्व्हिलचा फोन आला होता. म्हणाला, "व्हर्ना, तुझ्या नवऱ्याला झालंय काय? स्पर्धेची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हटलं आधी ट्रिगर हलका करू, मग चांगली नळी बसवू. तर म्हणतो, ते राहू दे, आधी सगळ्यात मोठी दुर्बीण लाव!"

चाळीस वर्षं तू दुर्बीण लावून नेम धरणाऱ्यांची टिंगल केलीस. "डोळे भाड्याने आणलेत का?" म्हणायचास. मग मला एकेक आठवायला लागलं. ट्रकने आपली टपालपेटी पाडलीस आणि दोष हरणावर ढकललास. अंधार पडला की पाठ दुखते म्हणून गाडी मला चालवायला देतोस. आणि आपल्या नातीला मात्र रोज त्याच ट्रकमधून नेतोस.

माझा संशय खोटा निघाला तर सगळ्या नेमबाजी क्लबसमोर माफी मागेन. गुरुवारी दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तोवर रायफलला हात लावू नकोस.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरीही वाचता आलं नाही, तर मी आल्यावर तसं सांग. ओरडणार नाही.

व्हर्ना