मुलाखतीचा निळा सूट

ब्रॅकनथॉर्प, १४ ऑक्टोबर

ती. व्हर्लीन मावशीस,

डेन्झिलचा नमस्कार वि. वि. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे जमैकात उन्हात बसून शेकत असशीलच. आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे आमचा फुटबॉल संघ तक्त्यात शेवटून दुसरा आहे आणि मी अजूनही त्याचा दुय्यम प्रशिक्षक आहे.

मॅनेजरच्या, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या, जागेसाठी माझी मुलाखत झाली. ही नववी. (चार क्लब मिळून. आमच्याच क्लबात तिसरी.) मुलाखतीला निदान एक काळा उमेदवार बोलवायचाच, असा क्लबने नियम केलाय आणि तो ते मनापासून पाळतात. त्याला नेमायचं असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. तेही ते तितक्याच मनापासून पाळतात. आमच्या संघातली निम्मी पोरं काळी आहेत, पण पळायला मुलाखत लागत नाही.

अध्यक्ष हॉलरॉयडसाहेब म्हणाले, "डेन्झिल, तुझ्यात जोश फार आहे." (मी अजून खुर्चीत बसलोही नव्हतो.) मग अनुभव विचारला. मॅनेजर हाकलला की नवा येईपर्यंत मलाच उभं करतात, तर मी सांगितलं, असा चार वेळा तात्पुरता मॅनेजर होतो, अकरा सामने, एकही हरलो नाही. त्यावर थोडा विचार करून ते म्हणाले की तो अनुभव तात्पुरता होता. बाहेर आलो तर एक चौतीस वर्षांचा गोरा गृहस्थ गळ्यात क्लबचा मफलर घालून फोटो काढून घेत होता. त्याने आजवर एकही संघ सांभाळलेला नाही, पण त्याच्यात म्हणे भविष्य दिसतं. फोटोवाल्याने मला दिवा धरायला सांगितलं. मी धरला. मावशी, मी एकोणपन्नासचा आहे. गाडीत बसल्यावर मला रडू आलं.

बाकी सर्व ठीक. तुझ्या शेळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
डेन्झिल

ता. क. १ : खरं काम हे. आईने निकालाआधीच चर्चमध्ये उभं राहून देवाचे आभार मानलेत आणि केकसाठी मनुका रममध्ये भिजत घातल्यात. जागा गेली हे तिला तूच फोन करून सांग. मला सांगवत नाही.

ता. क. २ : पत्र सहा आठवडे मुलाखतीच्या निळ्या सुटाच्या खिशातच राहिलं. निकाल लांबलाय असं मी आईला सांगून ठेवलं. दरम्यान मफलरवाले ओळीने सहा सामने हरले आणि हाकलले गेले. मी पुन्हा तात्पुरता. शनिवारी जिंकलो.

ता. क. ३ : कायमच्या जागेच्या मुलाखती गुरुवारी. हॉलरॉयडसाहेब म्हणाले, "एक काळा उमेदवार लागेल. तू इमारतीत असशीलच ना?" मी म्हटलं, असेन.

ता. क. ४ : आईला फोन करू नकोस. मफलरवाल्यांच्या पेपरातल्या त्या फोटोत कडेला दिवा धरलेला माझा हात होता. बाहीचं बटण तिनेच शिवलेलं. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. मला आज कळलं. सूट तिने इस्त्री करून ठेवलाय.