धाकट्याची चळवळ आणि वरची खोली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा छपाई, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कानांचा दाखला कुणी मागितला नाही. ते डोक्याहून शाबूत आहेत.

१. छापखाना, दोन्ही यंत्रे व कागद कापायचे मशीन मुलीला. कुठला पट्टा ढिला झाला आहे, हे तिला नुसत्या आवाजावरून कळते. जावईबापूंनी काउंटरवर बसून गोड बोलावे. ते त्यांना जमते.

२. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीला. तिने माझे कधी ऐकले नाही, म्हणूनच दोन्ही शिल्लक आहेत.

३. धाकट्या भावाविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. नदीच्या अलीकडचा भाग स्वतंत्र देश व्हावा, असे त्याचे मत. मत कुणाचेही काहीही असावे. पण एकोणीस वर्षे तो त्याला चळवळ म्हणतो आणि स्वतःला अध्यक्ष. सभासद अकरा, त्यांतले चार नदीपलीकडे राहतात. मध्ये फूट पडून 'मूळ' आणि 'अस्सल' असे दोन गट झाले. कारण काय, तर नव्या देशाच्या टपाल तिकिटावर फोटो कुणाचा!

त्यांची पत्रके मी फुकट छापली. गेल्या वर्षी 'च'च्या खणात 'व'चा शिशाचा खिळा पडला होता, तोच आमच्या कंपोझिटर बाईंनी जुळवला. मथळा झाला, 'आमची वळवळ आता थांबणार नाही!' अध्यक्षांनी प्रूफावर सही केली, हजार प्रती वाटल्या, आणि एकाही माणसाने हूं की चूं केले नाही. बाई रडकुंडीला आल्या. मी म्हटले, "बाई, चूक कसली? इतकी अचूक जुळणी आजवर झाली नव्हती."

संख्येला मी हसत नाही. कोपऱ्यावरच्या धुलाई कारखान्यातल्या बायका सातच होत्या. उकळत्या टाकीला झाकण मिळेपर्यंत त्यांनी कपड्याला हात लावला नाही. मी म्हटले, ही खरी चळवळ. त्यांतली थोरली म्हणाली, "ते तुम्ही ठरवा हो, आम्हाला झाकण मिळालं."

४. छापखान्यावरची खोली. कंपोझिटर बाई तेथे बावीस वर्षे राहतात. त्यांना दुसरा निवारा नाही आणि आता नजरही अधू झाली आहे. धाकट्याला तेथे मुख्यालय हवे. परवा म्हणाला, "दादा, एका बाईपायी चळवळ उघड्यावर टाकणार?"

सदर खोली मी बाईंना कायमच्या मालकीने देत आहे. त्यांनी राहावे, विकावी, नाहीतर कुलूप लावावे. कुणी हरकत घेऊ नये.

हे धाकट्याला तोंडावर सांगितले. तो म्हणाला, "मग आम्ही बसायचं कुठे?"

मी म्हटले, "अरे, बसते ती चळवळ कसली?"

 

५. धाकट्यास माझी सायकल. टायर नवे आहेत, सबब चालणार नाही. दारोदार फिरून त्याने एक तरी परका माणूस पटवावा. पटला, तर थोरला भाऊ चुकला असे त्याने खुशाल चौकात ओरडून सांगावे. मला आवडेल.

दोनदा वाचून, एक शिवी खोडून, साक्षीदारांदेखत सही केली.

(सही) छापखान्याचा मालक

साक्षीदार:
१. (सही) घरचे डॉक्टर
२. (सही) समोरचे कागदविक्रेते

स्थळ: छापखाना, काउंटरमागची खोली
दिनांक: ९ मार्च