जिंकेल त्यानं जेवू घालायचं

अण्णा, मी पत्ते खेळायला विमानानं गेलो होतो. हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला असता, "ऐकलंस का, तुझे चिरंजीव सुधारले." म्हणून आधीच सांगतो, घरदार काही विकलेलं नाही. ईदची सुट्टी लागली, रिफायनरीत माझी ड्यूटी नव्हती आणि सगळी सुट्टी या फ्लॅटच्या भिंतींकडे बघत काढायची मला चक्क भीती वाटली. इथे कुवेतमध्ये पैसे लावून पत्ते खेळणं गुन्हा आहे, त्यामुळे ज्यांना ती हौस आहे ते सुट्टीत बाहेर जातात. ऑफिसातला एक तरुण इंजिनियर म्हणाला, "सर, तिबिलिसीला जाऊन या. थंडी आहे, डोंगर आहेत, खायला एक नंबर आणि कसिनो पण आहे." एरवी असलं काही ऐकलं की मी नाक मुरडतो, पण या वेळी निमूटपणे तिकीट काढलं.

तुमची सून तुम्ही पाहिली नाहीत. तुम्ही गेल्यावर आमचं लग्न झालं, आणि आता तीही गेली. लेक कॅनडात असते. शुक्रवारी तिचा फोन येतो, ती इंग्रजीत विचारते, "पप्पा, आर यू ईटिंग प्रॉपर्ली?" आणि मी मराठीत थाप मारतो. खरं म्हणजे मी ओट्यापाशी उभ्यानं जेवतो. कुकरमधला भात, त्यावर आमटी, चमचा. आईनं पाहिलं असतं तर पाट मांडून खांद्याला धरून बसवलं असतं. एकट्यासाठी ताट घ्यायचं म्हणजे मला उगाच थाटमाट केल्यासारखं वाटतं.

असं नाही की कुणी विचारत नाही. खालच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. तो मूळचा देवगडकडचा, मीना अल-अहमदी बंदरावर कंत्राटदाराकडे फोरमन आहे. बायको नर्स. एकुलती एक मुलगी शाळेत जाते, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच येतं. तुमची सून गेल्यापासून फोरमनची बायको अधूनमधून डबा पाठवायची. मी डबा घासून, त्यात बकाल्यातली, म्हणजे इथल्या वाण्याकडची, सफरचंदं घालून परत करायचो आणि वर म्हणायचो, "उगाच त्रास घेऊ नका हो, मी जेवलो होतो." जिन्यात फोरमन भेटला की विचारायचा, "साहेब, जेवलात काय?" मी म्हणायचो, "हो, मघाशीच." शेवटी त्यांनी विचारणं कमी केलं. मला हायसं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. पण दया आली म्हणून कुणी वाढलेलं अन्न माझ्या घशाखाली उतरत नाही, त्याला मी काय करू.

तर तिबिलिसी. कसिनोत मी सगळ्यात स्वस्त टेबल शोधलं. तिथे पोकर चालतो. दोन पानं आपल्या हातात, पाच सगळ्यांची मिळून मध्ये, आणि कुणाचं काय आहे याचा अंदाज घेत बसायचं. आल्या आल्या मी काय केलं असेल? दोन्ही पानं उचलली, मेंढीकोटाला धरतो तशी पंख्यासारखी छातीपुढे धरली आणि चष्म्यातून निरखायला लागलो. पानं वाटणारी मुलगी घाईघाईनं म्हणाली, "सर, पानं टेबलावरच ठेवा, प्लीज. फक्त कोपरा उचलून बघा." शेजारचा म्हातारा तुर्की माणूस मिशीत हसत होता. त्याला माझी राणी केव्हाच दिसली होती. तिथे सगळे तसेच बसतात, पानांवर तळहात झाकून. त्यांचं म्हणाल तर बरोबरच आहे, पण मला ते बघवेना. माणसं इतकी जवळ बसलेली आणि प्रत्येकाचा हात झाकलेला.

तरी मला तिथे बरं वाटत होतं, आणि त्याचं कारण पत्ते नव्हते. माझी पाळी आली की सगळं टेबल थांबायचं. मी विचार करत असलो तर ती माणसं माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहायची. घरी गेल्या कित्येक दिवसांत माझ्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. म्हणून पानं टाकून द्यावी लागली तरी मी मुद्दाम जरा वेळ लावायचो. दुपारी जुन्या गावात हिंडायचो, होडीच्या आकाराची चीज भरलेली गरम रोटी खायचो, वेटरला उगाच काहीबाही विचारायचो, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच टेबलावर हजर.

शेवटच्या संध्याकाळी माझ्या हातात दोन दश्श्या आल्या. शहाण्या माणसानं समोरच्याचा जोर बघून त्या सोडल्या असत्या. पण मेंढीकोटात वाढलेल्या माणसाला दश्शी सोडवते का? तिथे सगळा खेळच त्या मेंढ्या पकडायचा. मी चिकटून राहिलो आणि मध्ये तिसरी दश्शी पडली. टेबलावरचं सगळं माझ्यापुढे आलं. काही मोठं घबाड नव्हतं ते, पाचसहा जणांचं चांगलं जेवण झालं असतं एवढंच. आणि अण्णा, तोंडातून निघून गेलं, विचार करायला वेळच मिळाला नाही. मी उभा राहून म्हणालो, "चला, आता सगळ्यांनी माझ्याबरोबर जेवायला. आमच्या घरचा नियम आहे, जिंकेल त्यानं हरलेल्यांना जेवू घालायचं."

कुणालाच कळेना. एक जण म्हणाला, "नो, थँक यू." दुसऱ्याला वाटलं मी त्याची चेष्टा करतोय, तो तोंड फिरवून बसला. तुर्की म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली, त्याला अजून खेळायचं होतं. मी पलीकडच्या हॉटेलचं नाव सांगितलं, तिथे मोठं टेबल घेऊन बसतो म्हणालो. आणि खरंच घेतलं मी मोठं टेबल. वेटरनं सगळ्या ताटांपुढे ग्लास उलटे करून ठेवले होते, ते त्यानं एकेक सुलटे केले. दार उघडलं की मी मान वर करायचो. मग तो पुन्हा आला आणि माझ्यासमोरचा सोडून बाकीचे ग्लास उचलून घेऊन गेला. मला तिथे रडू आलं. जिंकलेल्या माणसाला इतकं लाजिरवाणं वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

तिथे बसल्या बसल्या मला आपल्या नाशिकच्या घरातला रविवार दिसायला लागला. पुढच्या खोलीत सतरंजी घातली आहे. तुम्ही आणि आई समोरासमोर, तुमचा जोड. मी आणि तुमच्या वर्कशॉपमधले टर्नरकाका समोरासमोर, आमचा जोड. काकू वारल्यापासून काका एकटे. त्यांना कुणी जेवायला बोलावलेलं खपत नसे. आई म्हणायची, "भाऊजी, दोन घास खाऊन जा," की ते चपला पायात सरकवायचे. मग तुम्ही हा नियम काढलात. जिंकेल त्या जोडानं हरलेल्यांना जेवू घालायचं. डावात हरून जेवायला त्यांची काही हरकत नव्हती. एकदा आम्ही चुकून जिंकलो, तर काका अवघडून गेले. त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती, ते जेवू घालणार कुठे? बाजारातून जिलबी घेऊन आले आणि पुढचे दोन रविवार फिरकलेच नाहीत. त्यानंतर तुम्ही आम्हाला कधी जिंकू दिलं नाहीत.

मला ते तेव्हा कुठलं कळायला. मला एवढंच दिसायचं की तुम्ही काकांच्या पानांत डोकावता आणि मग नेमका हुकूम मारता. एका रविवारी मी आमची मेंढी जाताना पाहिली आणि भडकलो. "अण्णा, तुम्ही रडीचा डाव खेळता! काकांची पानं बघता तुम्ही!" तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत. "गप्प बस आणि पान टाक." आई उठून आत गेली. काका मात्र हसले. म्हणाले, "अण्णांवर कशाला ओरडतोस रे? हात थरथरतात माझे, पानं उघडी पडतात." मग आतून पोळ्यांचा वास आला. आता आठवतं, डाव मांडण्याआधीच आईनं कणीक मळून ठेवलेली असायची, काकांच्या वाटची धरून. त्या हॉटेलात मला तुमचा सगळा डाव उमगला, अण्णा. कुणाला तरी जेवू घालायला मिळावं म्हणून तुम्ही जिंकत होता, आणि मी तुम्हाला लबाड समजत होतो.

परत आल्यावर जिन्यात फोरमन भेटला. मी त्याच्या मुलीसाठी तिथली अक्रोडाची मिठाई आणली होती, ती दिली. "एकटेच गेलात साहेब? करायला काय?" "पत्ते खेळायला." तो खो खो हसला. "आणि आम्ही हयसर चौथो भिडू शोधतोय! मेंढीकोट येतो काय तुमका?" मी म्हणालो येतो, पण आमच्या घरी नियम होता. नियम सांगितला. तो मान डोलावत म्हणाला, "पैसे नाय ना लावूचे? मग चालात. शुक्रवारी येवा."

शुक्रवारी गेलो. दार उघडलं तर तळलेल्या माशांचा वास. शर्कच्या मासळी बाजारातून सुरमई आणून, डाव मांडायच्या आधीच तळून झाकून ठेवली होती. तो आणि त्याची बायको एक जोड, मी आणि ती मुलगी दुसरा. जिंकलो असतो तर माझ्या घरी द्यायला कुकरमधला भात होता. दोनच हात झाले असतील, ती पोरगी कडाडली, "अंकल, होल्ड युअर कार्ड्स प्रॉपर्ली! पप्पा कॅन सी एव्हरीथिंग!" तिच्या बापानं तिच्याकडे असं पाहिलं की मला पुढच्या खोलीतली सतरंजी आठवली. मी हसून म्हणालो, "अगं, वय झालं. हात थरथरतात." आम्ही सपाटून हरलो. चारही मेंढ्या गेल्या, कोट झाला. मग मी मांडी घालून बसलो, ताटात वाढून घेतलं आणि दोनदा भात मागितला. पोरगी जेवताना माझ्याशी बोलेना, इतका राग आला होता तिला.

आज पुन्हा शुक्रवार आहे. खाली जायला अजून अवकाश आहे म्हणून हे लिहायला बसलो. तुमच्यापर्यंत हे पोचायचं नाही, घडी करून पत्त्यांच्या खोक्यात ठेवून देईन. टर्नरकाका लेथवर केसाएवढा फरक बोटांनी ओळखायचे, हे तुम्हीच मला कौतुकानं सांगायचात. त्यांचे हात थरथरत नव्हते हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की नाही, एवढं विचारायचं राहून गेलं. माझेही हात थरथरत नाहीत, अण्णा.