दारातल्या बुटांचं गाणं

प्रिय आई,

ओबिहिरोला थंडी सुरू झाली असेल, गुडघ्याला पट्टा बांधत जा, मावशीला तिखट कमी खायला सांग, हे नेहमीचं सगळं पुढच्या वेळी लिहीन. आज माझं डोकं फिरलंय. हात्सुमावशीचा फोन आला होता. बाबांनी तुला रविवारी दुपारी कियोए-सानच्या बारमध्ये गाणं ऐकायला बोलावलंय आणि तू ‘बघते’ म्हणालीस, असं तिने सांगितलं. तुझं ‘बघते’ मला चांगलं ठाऊक आहे. शेजारणीने लोणच्यावर ठेवायचा दगड मागितला तरी तू ‘बघते’च म्हणतेस आणि संध्याकाळी स्वतः उचलून तिच्या दारात नेऊन ठेवतेस. वर मावशी मला म्हणाली, “अगं नाओए, चार माणसांत वाकतोय बिचारा. तिला घेऊ दे की त्याला परत घरात. अजून काय करायचं त्याने?”

तो बिचारा कसा वाकतो ते मी पाहिलंय, आई. बाबा सापोरोहून परत कुशिरोला आले, तेव्हा तूच म्हणालीस, की खातात-पितात का एवढं बघून ये. म्हणून मी जाते. खोलीवर ते कधीच सापडत नाहीत. दुपार झाली की बारमध्ये. बंदरातली सगळी निवृत्त मंडळी तिथे कराओकेच्या यंत्रावर संगीत लावून गायला जमतात. दार उघडलं की ओल्या कोटांचा, भाजलेल्या स्क्विडचा आणि डोक्याच्या तेलाचा एकत्र वास येतो. माइक या हातातून त्या हातात फिरून इतका चिकट झालेला असतो, की मला तो चिमट्याने धरावासा वाटतो. आणि कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीवर आपले बाबा. केस काळेकुळकुळीत. सापोरोच्या त्या बाईने त्यांना घराबाहेर काढलं, पण तिच्या पार्लरमधली केस रंगवायची सवय काही सुटली नाही. रंग कानाच्या पाळीवर ओघळलेला असतो. मी त्यांना अजून अहो-जाहोच करते, पण त्या काळ्या कानाकडे बघून ते जड जातं.

गातात काय, तर ‘दारातले बूट’. हो, सावातारी एइजीचं तेच. त्या माणसाने आयुष्यभर स्वतःच गाणी लिहिली, स्वतःच चाली लावल्या आणि सगळी बायकांच्या तोंडची. वाट बघणाऱ्या, रडणाऱ्या, शेवटी माफ करणाऱ्या बायका. गंमत अशी, की ही गाणी बायकांपेक्षा पुरुषच जास्त गातात. डोळे मिटून, भुवया वर चढवून, गळा दाबून. मी तिथे बसून बघितलंय ना! बायकोला आयुष्यात कधी साधं ‘दमलीस का’ न विचारलेला तो कामाता-सान त्याच गाण्यांवर हुंदके देतो, मग घड्याळ बघून म्हणतो, “चला, म्हातारीने जेवण नाही केलं तर शिमगा करीन.”

आता बाबांचं ऐक. त्यांची पाळी आली की आधी ते रुमाल काढून मांडीवर ठेवतात. रडू कुठल्या ओळीला येणार ते ठरलेलं असतं. पडद्यावर कोणीतरी अनोळखी बाई उगाच समुद्रकाठी चालत असते, आणि हे गातात, की तू गेलास तरी तुझे ओले बूट मी शेगडीपाशी वाळवत ठेवले. शेवटचं कडवं तर तुला माहीतच आहे. तो दारात येतो, काही बोलत नाही, आणि ती म्हणते, काही बोलू नकोस, आत ये, मी केव्हाच माफ केलंय. इथे रुमाल वर जातो. टाळ्या पडतात. टाकेयो-सान नाक पुसत म्हणते, “इसामु-सान, किती हो हळवे तुम्ही! असा नवरा मला मिळायला हवा होता.” मला शिसारी येते, आई. दुसरा शब्द नाही. सोडून गेला कोण, आणि माफ करणाऱ्या बाईचं तोंड लावून बसलाय कोण! तुझ्या वतीने स्वतःच स्वतःला माफ करून टाकायचं, वर लोकांकडून टाळ्या घ्यायच्या, मग बिअर मागवायची. दातांत स्क्विडचा धागा अडकलेलाच असतो.

परवा मी त्यांना रस्त्यातच गाठलं. म्हटलं, “बाबा, एक करा. हेच आईला गाण्याशिवाय एकदा म्हणून दाखवा. चुकलो, एवढंच.” ते खरंच बुचकळ्यात पडले. म्हणाले, “अगं, असं कोरडं कसं म्हणणार? त्याला संगीत लागतं.” मग माझ्या पाठीवर हात ठेवून, “तू फक्त तिला घेऊन ये. मी गायलो की ती नाही म्हणणार नाही. सगळे असतील ना तिथे.” आणि लगेच पुढे, खोलीत हीटर नीट चालत नाही, हिवाळा तोंडावर आलाय, तुझ्या आईच्या हातचं सॅमनचं सार किती वर्षांत मिळालं नाही. बघ, माफी आणि सार एकाच दमात. त्यांना तू नकोयस गं. त्यांना ऊब हवीय आणि वाढलेलं ताट हवंय, आणि त्या सगळ्या माणसांसमोर तू खाली मान घालून हो म्हणावंस म्हणून हा गाण्याचा घाट घातलाय. तुला चारचौघांत कोणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे?

खरं तर ‘तू येऊ नकोस’ एवढंच लिहायला मी बसणार होते. पण काल कियोए-सानकडे बाबांची विसरलेली टोपी आणायला गेले. ती ग्लास पुसत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “रविवारी तोयोको-सान येणार म्हणे. मग इसामु-सान गाणार काय?” मी म्हटलं, काय म्हणजे, दुसरं येतंय काय त्यांना? तर ती हसली. “अगं, ते गाणं तुझ्या आईचं. मासळी सोसायटीच्या पार्टीत ते तिच्याशिवाय कोणी म्हणायचं नाही, तुझ्या बापाची पण टाप नव्हती. ती गाव सोडून गेली, ते मोकळं झालं, म्हणून यांनी उचललं. ती खोलीत असताना तिचं गाणं दुसऱ्याने गायचं? माझ्या बारमध्ये तरी असलं चालत नाही.” बाबांच्या हे डोक्यातच आलेलं नाही. ते गाणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलंय, की तुला बोलावलं म्हणजे गाण्याच्या मालकिणीलाच बोलावलं, हे ते पार विसरले.

टोपी घेऊन घरी येईपर्यंत मला त्या पार्ट्या डोळ्यांसमोर दिसत होत्या. तू सॅमनची अंडी धुवून धुवून लाल झालेले हात कोटाच्या बाहीत लपवायचीस आणि फक्त माइक धरण्यापुरती बोटं बाहेर काढायचीस. एक थेंब पाणी डोळ्यांतून न काढता गायचीस, आणि सगळं सभागृह गप्प व्हायचं. पण शेवटचं कडवं आलं की माइक ठेवून द्यायचीस. “माझं झालं, पुढचं कोणीतरी म्हणा,” असं म्हणून रिकाम्या बश्या गोळा करायला लागायचीस. मला वाटायचं, तुला पुढचे शब्द येत नाहीत. आणि बाबांच्या सापोरोच्या खेपा तर तेव्हाच सुरू झाल्या होत्या ना? आई, तू ते माफीचं कडवं एकदाही गायली नाहीस. एकदाही नाही. हे मला काल कळलं, आणि रस्त्याच्या मधोमध ती टोपी हातात घेऊन मी उभी राहिले.

म्हणून हे पत्र. ये तू. नक्की ये. सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर असेन, तुझा तो निळा कोट घाल. कियोए-सानला मी तुझं गाणं पहिलं लावायला सांगितलंय, आणि बाबांनी खाली उतरवलेली पट्टी परत तुझ्या पट्टीत चढवायला सांगितलीय. ती म्हणाली, “ती मला सांगायला नको, माझ्या कानात आहे.” बाबांना पहिल्या रांगेत बसवू. तू तुझं गाणं गा, आणि नेहमी थांबायचीस तिथेच थांब. माइक खाली ठेव. पुढचं संगीत एकटं वाजत राहील, ती समुद्रकाठची बाई चालत राहील, कोणी तोंड उघडणार नाही. मग संगीतही संपेल. त्यानंतर बाबांना काही म्हणायचं असलं, तर कोरडंच म्हणावं लागेल. म्हटलं, तर त्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव. काहीच म्हटलं नाही, तर आपण दोघी उठू आणि माझ्या घरी जाऊन सार करू.

वाट बघणाऱ्यांतली नसलेली, तरी रविवारी स्टेशनवर वाट बघणारी,
तुझीच,
नाओए