साडूच्या एकोणीस चुका

४ फेब्रुवारी, सकाळ
फिल्म सोसायटीचं पत्र. येत्या २३ला, रविवारी सकाळी दहाला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कवायतीच्या उस्तादाचा तो जुना सिनेमा. आरंभी रसग्रहणपर चार शब्द : आमचे साडू.
पत्र तीनदा वाचलं. साडूच. मी बावीस वर्षं दैनिकाचा वार्ताहर, सिनेमाचं सदर माझं. साडू दात काढतो.
शांत राहायचं ठरवलं. चहा सांडला.

४ फेब्रुवारी, दुपार
हे प्रकरण जुनं आहे. तीस वर्षांपूर्वी हाच सिनेमा आम्ही चौघांनी पाहिला. मी, सौ., मेहुणी आणि तिचा नवा कोरा नवरा. बाहेर पडताना माझ्या डोळ्यांत किंचित ओल होती. साडूने घरी येऊन सासरेबुवांना सांगितलं की यांना पाणीपुरवठा खात्यात चिकटवा, धरण बांधायचा खर्च वाचेल. तेव्हापासून सासरी माझं नाव पाणीपुरवठा. सासूबाई अजून फोनवर विचारतात, पाणीपुरवठा जेवले का. भाचरं पाणीकाका म्हणतात. कारण त्यांना ठाऊकही नाही.
अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक, असं शास्त्रात स्पष्ट आहे. साडूला बत्तीस दात येतात. आठ भाव येत नाहीत.

६ फेब्रुवारी
सूड घ्यायचा. पण औचित्य सांभाळून. मार्ग सिनेमानेच दाखवला.
काय सिनेमा आहे. लष्करी अकॅडमीतला कवायतीचा उस्ताद. डावा गुडघा अधू. दर वर्षी नवी पोरं ट्रंका घेऊन येतात, उस्ताद त्यांना चालायला शिकवतो आणि प्रत्येकाच्या चुका काळ्या वहीत टिपतो. पोरं अफसर होतात, शेवटच्या दिवशी मुख्य इमारतीच्या बारा पायऱ्या चढून दाराआड जातात. उस्ताद खालच्या पायरीशी सॅल्यूट करून उभा. तो कधी वर जात नाही. पंचवीस वर्षं. (इथे पेन थांबलं. शाईचा दोष.)
एक उर्मट कॅडेट त्याच्या लंगडण्याची नक्कल करतो. पुढे तोच कमांडर होऊन उस्तादाच्या निवृत्तीला येतो. आणि मग तो शेवट : भर परेडसमोर उस्ताद वही उघडतो आणि त्या कॅडेटच्या एकेक चुका खणखणीत वाचून दाखवतो. सुडाचा असा परिपाक दुसऱ्या कुठल्या सिनेमात नाही. मी अकरा वेळा पाहिलाय. शेवटची दहा मिनिटं त्या हॉलमध्ये नेहमी धूसर दिसतं. प्रोजेक्टरची काच पुसत नाहीत. सोसायटीला दोनदा पत्र लिहिलंय.
तर मीही तेच करणार. सिनेमानंतर चर्चा असते. उठायचं, यादी काढायची, वाचायची. कोरड्या डोळ्यांनी.

९ फेब्रुवारी
यादी तयार. एकोणीस कलमं. मासल्यादाखल :
३. माझी छत्री नेली, दुसरीच परत दिली. ती उघडत नाही.
७. माझी दाढ काढताना, तोंडात चिमटा असताना, हल्लीच्या सिनेमांविषयी मत विचारलं. मी गप्प राहिलो तर म्हणाला, पटतंय म्हणजे.
११. माझा लेख वाचला का, या प्रश्नावर : हो, छान होता फोटो.
सौ.ने यादी पाहिली. म्हणाली, एवढं बारकाईने माझ्याकडे तरी कधी पाहिलंत का. स्त्रियांना विषयांतराची सवय.

१२ फेब्रुवारी
डोळ्यांची कवायत सुरू. रोज सहा कांदे चिरायचे, पाणी न काढता.
पहिला कांदा : अपयश. उरलेले दिसले नाहीत.
सौ. खूश. उद्या लसूणही सोलायला घ्या म्हणाली.

१४ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, अश्रुग्रंथी काही दिवसांपुरत्या बंद करता येतात का. त्यांनी तपासून सांगितलं की या वयात इतक्या तरतरीत ग्रंथी क्वचित दिसतात. अभिनंदन केलं. थेंब लिहून दिले नाहीत.

१७ फेब्रुवारी
शत्रूची तयारी पाहायला साडूच्या दवाखान्यात गेलो. मला बघून कंपाउंडर म्हणाला, पाणीपुरवठा आलेत. म्हणजे तिथपर्यंत.
साडू हातमोजे काढत म्हणाला की साडूबुवा, मला त्यातलं काय कळतं, सोसायटीच्या सेक्रेटरींची कवळी मी बसवली म्हणून त्यांनी मला गळ घातली. तुम्हीच बोला ना. मी आजच कळवतो त्यांना.
क्षणभर घोटाळलो. पण अपराध्यानेच आसन देऊ केलं तर सूड कसला उरला? म्हटलं, छे छे, तुम्हीच बोला. तो हिरमुसला. मग मुद्दे मागितले. मी दिले. अकरा मुद्दे, संदर्भांसह.
घरी येताना लक्षात आलं की हे चुकलं. डावपेचाचा भाग समजावा.

२२ फेब्रुवारी
यादी स्वच्छ अक्षरात उतरवली. मथळा : साडूच्या चुका. कांदे एकूण साठ. गेल्या दोन दिवसांत फक्त डावा डोळा वाहिला.
उद्या रुमाल न्यायचा नाही. संकल्प म्हणजे संकल्प.

२३ फेब्रुवारी, दुपारी तीन
घटनाक्रम नोंदवून ठेवतो.
साडू माझे मुद्दे बोलला. टाळ्या. दोन मुद्द्यांवर माझं नाव घेतलं. हा कावा असावा.
सिनेमा सुरू. ट्रंका : कोरडा. गुडघा : कोरडा. बारा पायऱ्या : उजवा डोळा गेला. पण मी पापण्या ताणून धरल्या, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा शेवट स्वच्छ दिसला.
उस्ताद वाचत नाही.
तो वही उघडतो, पण त्याची नजर अधू झाली आहे. अक्षर लागत नाही. मग तो कमांडर वही हातात घेतो, सावधानमध्ये उभा राहतो आणि स्वतःच्या चुका स्वतः वाचतो. लंगडण्याची नक्कल केली, उस्ताद. बूट पुसले नव्हते, उस्ताद. इतकी वर्षं मी फक्त ऐकत होतो, तेही नाक शिंकरत. पाहिलं कोणी होतं.
पुढचं मला दिसलं नाही. काच स्वच्छ होती.
दिवे लागले. सेक्रेटरींनी चर्चेला आवाहन केलं. मी ठरल्याप्रमाणे उठलो, कागद काढला. तोंड उघडलं. आवाज नाही. अख्खा हॉल माझ्याकडे बघतोय, नाकातून, डोळ्यांतून पुरवठा चालू, रुमाल घरी. मागून कोणीतरी म्हणालं, बसा हो काका. बसताही येईना.
साडू स्टेजवरून उतरला. मला स्वतःचा रुमाल दिला. माझ्या हातातला कागद घेतला. मथळा वाचला. माझ्याकडे पाहिलं.
आणि सावधानमध्ये उभा राहून माइकवर वाचू लागला. छत्री बदलली, उस्ताद. दाढ काढताना मत विचारलं, उस्ताद. एकोणीसच्या एकोणीस. हॉल हसून हसून लोळला. मेहुणी सर्वांत जास्त. मग कागदात नसलेलं विसावं कलम त्याने आपल्या मनाने जोडलं. म्हणाला, त्या दिवशी मीही रडत होतो, उस्ताद. नवा जावई होतो. कोणी बघायच्या आत यांच्याकडे बोट दाखवलं.
हॉलभर नाकं ओढल्याचे आवाज. मग टाळ्या, उभं राहून. सेक्रेटरींनी साडूला सोसायटीचा कायमचा रसग्रहणकार जाहीर केलं. माझ्याशीही दोघांनी येऊन हात मिळवला. म्हणाले, काय बेमालूम ठरवलं होतंत दोघांनी.

२४ फेब्रुवारी, सकाळ
सकाळी सासूबाईंचा फोन. जावई कसे आहेत, असं विचारलं. सौ.ने विचारलं, कोणते. त्या म्हणाल्या, अगं, पाणीपुरवठा. पण आवाज जरा मऊ होता.
यादी साडूकडेच राहिली. दवाखान्यात फ्रेम करून लावणार म्हणे. ती परत कुठल्या तोंडाने मागायची? रुमाल धुऊन वाळत घातलाय.
नवं पान काढलं. साडूच्या चुका.
१. माफी मागितली. चारचौघांत, मला तयारीला वेळ न देता.
दुसरं कलम तासभर आठवत बसलो. आठवेना. कांदे चिरायला घेतले.